किलोभर घट माफ

विद्यापीठाच्या मागच्या गेटाबाहेर, झाडाखालच्या पारावर वजनकाटा मांडून बसलेल्या एका म्हाताऱ्यासमोर एकदा एक प्राध्यापक थांबले. खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून त्यांनी काट्याशेजारी ठेवलं, बूट काढले आणि काट्यावर उभे राहिले. म्हाताऱ्याने वाकून तबकडी पाहिली, मग प्राध्यापकांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि नाणं उचलून परत त्यांच्या हातात दिलं.

"सर, ह्ये पैशाचं काम न्हाई. पण उभंच राह्यलाय तर सांगतो, चहातली साखर जरा कमी करा."

मागे रांगेत आम्ही पंधरा-सोळा पोरंपोरी हसू दाबत उभे होतो. प्राध्यापक माझ्याच विभागातले, संख्याशास्त्राचे. त्यांनी मला ओळखलं आणि बूट घालता घालता विचारलं, "हे कोण गं?"

मला एका वाक्यात सांगता येईना. "आमचे काका," एवढंच मी म्हणाले. खरं तर ते ना माझे काका होते, ना त्या रांगेतल्या कुणाचे.

मंचरच्या मार्केट यार्डात ते मापाडी होते. शेतकऱ्याचा माल आला की तो तोलायचा आणि वजन मोठ्याने पुकारायचं, हे मापाड्याचं काम. विकणारा आणि घेणारा एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, दोघंही मापाड्यावर ठेवतात. काकांनी चाळीसेक वर्षं बटाटा आणि कांदा तोलला. त्यांनी पुकारलेल्या वजनावर कधी कुणी तक्रार केली नाही, हे ते स्वतः सांगत नसत, लोक सांगत. काम सुटल्यावर इतर म्हातारे देवळात बसू लागले, कुणी भीमाशंकरला पायी जाऊ लागले. काकांनी एका डॉक्टरांच्या दवाखान्यातला जुना काटा मिळवला, माणसं तोलायचा, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अर्ध्या तिकिटात एसटीने पुण्याला येऊ लागले. जुन्नर-आंबेगावची जी पोरं विद्यापीठात शिकतात, त्यांचं वजन करायला.

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. लोणीतल्या एका पोरापासून सुरुवात झाली, मग त्याच्या मित्रांना रांगेत घेतलं. मी विद्यापीठात आले तोवर पिंपरी पेंढारपासून लोणीपर्यंतच्या आईबापांना हे ठाऊक झालं होतं. पोरगी पुण्याला निघाली की आई आधी मापाडीकाकांना सांगून यायची, मग बॅग भरायची.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "आई फोनवर इचारती, जेवलास का? पोरगं म्हणतंय, जेवलो. संपला इषय! आता आईनं तरी काय करावं? फोनला काटा हाय का?"

काट्यासोबत त्यांच्या पिशवीत पाच किलोचं एक लोखंडी माप असे, सरकारी शिक्का मारलेलं. पारावर बसलं की पहिल्यांदा ते माप काट्यावर ठेवायचं. "आधी काट्याची परीक्षा, मग पोरांची." आम्ही त्यांना सांगून थकलो की एवढं लोखंड कशाला वाहून आणता, वाकडेवाडीच्या स्टँडपासून इथवर तुम्ही चालत येता. एकदा एसटीच्या कंडक्टरनेही हटकलं, आजोबा, पिशवीत काय दगड भरलेत का. काकांनी माप बाहेर काढून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, पुण्यात सगळं मिळतंय. पर आपलं माप आपल्यासंगं असलेलं बरं."

ते कधीच काही लिहून ठेवत नसत. मागच्या महिन्यात कोण किती होतं, हे सगळं डोक्यात. आणि आकडा कधी मोठ्याने बोलत नसत. यार्डात जन्मभर आकडे पुकारलेला माणूस, पण इथे पोरगी काट्यावरून उतरली की फक्त म्हणायचे, "तोल बराबर हाय," नाहीतर, "घट हाय."

घट हा त्यांचा यार्डातला शब्द. माल ठेवला की सुकतो, वजन उतरतं, ती घट. त्याचेही त्यांचे नियम होते. "परीक्षेच्या महिन्यात किलोभर घट माफ. कांदा बी सुकतोय, पोरगं का सुकू नये? दोन किलोच्या वर गेली तर मग पोतं उघडून बघायचं." पोतं उघडायचं म्हणजे त्या पोराला पारावर शेजारी बसवून विचारायचं, कुठे राहतोस, काय खातोस, मेस किती वेळची लावलीस.

तिथे खोटं टिकत नसे, कारण आमच्या सगळ्या युक्त्या त्यांना पाठ झाल्या होत्या. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं भरून राहणाऱ्यांची पहिली कात्री पोटावरच चालते. खोलीचं भाडं कमी होत नाही, झेरॉक्सवाला सवलत देत नाही, बसऐवजी चालत जाऊन थोडंच वाचतं. उरतं जेवण. दोन वेळची मेस एक वेळची होते. मग एका डब्यात दोघी. मग खाडे. चार दिवस गावी जाणार असं सांगून मेसला खाडा लावायचा आणि गावी जायचंच नाही, बिस्किटांवर काढायचे. काकांना या खाड्यांचा फार राग. "मेसला खाडा असतोय," ते म्हणत, "पोटाला नसतोय."

रविवारी संध्याकाळी सगळ्या मेस बंद असतात, हेही त्यांना माहीत. म्हणून रविवारीच यायचे, आणि पिशवीच्या दुसऱ्या कप्प्यात काकूंच्या हातच्या बाजरीच्या भाकरी आणि कधी कधी मासवड्या. वजन झाल्यावरच त्या सुटायच्या. आधी सोडल्या तर काटा फसतो म्हणे.

पुढचा आठवडाभर ते गावोगाव फिरायचे. आमच्या दारात आले की "जयभीम", पुढच्या आळीत गेले की "रामराम", आणि मग चहाही न घेता निरोप. "तुमच्या पोराचा तोल बराबर हाय." किंवा, "दीड किलो घट हाय, लाडू धाडा." बस्स. काही लोक हसायचे, म्हातारं चळलंय म्हणायचे. काकूही हसायच्या. "मला लग्नापास्नं एकदा न्हाई तोललं," असं त्या पदराआडून म्हणायच्या.

मी या सगळ्याकडे पहिलं वर्षभर गंमत म्हणूनच पाहिलं. दुसऱ्या वर्षी माझ्यावर वेळ आली.

माझे पप्पा गवंडीकाम करतात. दिवाळीनंतर एका बंगल्याच्या कामावर घमेलं घेऊन चढताना ते पडले आणि उजवा हात मोडला. आईने मला फोनवर सांगितलं ते असं, की थोडं लागलंय, पट्टी बांधलीय. भावाने खरं सांगितलं. सळई घातली होती आणि तीन-चार महिने काम नव्हतं. आई खुरपायला जात होती. मी आईला सांगून टाकलं, "माझी स्कॉलरशिप आली. आता घरून काही पाठवू नकोस."

स्कॉलरशिप आली नव्हती.

मी एक शिकवणी धरली, त्यात खोलीचं भाडं निघायचं. जेवणाचं मात्र निघत नव्हतं. आधी मेस एक वेळची केली, मग माझी खोलीतली मैत्रीण, ती पिंपरी पेंढारची, तिच्या डब्यात मी अर्धी झाले. मग मला तिचीच लाज वाटू लागली. ती तिसरी पोळी माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, मला नको, पोट भरलं. तिचं पोट भरलेलं नसायचं. मी लायब्ररीतून मुद्दाम उशिरा येऊ लागले, म्हणजे तोवर तिचं जेवून झालेलं असे. तासाला फळ्यावरचे आकडे मधेच पुसट व्हायचे. जिना चढताना कठडा धरावा लागायचा.

आणि दुसरा रविवार जवळ आला. काट्यावर उभं राहिलं की काकांना कळणार, काकांना कळलं की घरी कळणार. पप्पा मोडक्या हाताने कामावर जातील, नाहीतर मला परत बोलावतील. दोन्ही मला नको होतं.

मैत्रिणीनेच युक्ती काढली. किलोकिलोच्या मिठाच्या तीन पिशव्या आणल्या, ओढणीत गुंडाळून माझ्या कमरेला बांधल्या, वर तिचा ढगळ स्वेटर चढवला. जानेवारीची थंडी होती, त्यामुळे स्वेटर कुणाला खटकला नाही. आम्ही आरशात पाहून हसलोसुद्धा.

पारावर रांग लागली. माझा नंबर आला, मी चढले. काकांनी तबकडी पाहिली, मग माझ्या पायांकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं.

"तोल बराबर हाय," ते म्हणाले. मी उतरले.

सगळ्यांचं झाल्यावर भाकरी वाटल्या. पोरं समोरच्या टपरीवर चहाला गेली. मीही निघाले, तर काका म्हणाले, "तू बस." मी शेजारी बसले.

"काय हाय?" त्यांनी विचारलं. "साखर का मीठ?"

माझा हात स्वेटरवरून कमरेकडे गेला.

"मीठ असंल. साखर म्हाग पडती." ते समोर रस्त्याकडे बघत बोलत होते, माझ्याकडे नाही. "पोरी, अंगानं भरलेलं माणूस काट्यावर चढतंय येगळं आन् वझं घेतलेलं चढतंय येगळं. मी जन्मभर हमालांचे पाय बघितल्यात. कांद्याच्या पोत्यात दगड घालणारी बी लई बघितली. ती जादा पैकं मिळावं म्हणून घालायची. तू कशापायी घातलंस?"

मग मी रडले. सगळं सांगितलं, पप्पांचा हात, स्कॉलरशिप, तिसरी पोळी. आणि शेवटी सांगितलं की मी ठरवलंय, हे सत्र संपलं की घरी जाते. निदान डी-मार्टसारख्या एखाद्या दुकानात तरी लागेन.

"घरी काय सांगशील?"

"सांगेन की अभ्यास झेपत नाही."

काटा काकांच्या मांडीवर होता, टॉवेलाने ते त्याची तबकडी पुसत होते.

"ते सांगू नगंस," ते म्हणाले. "दुसरं कायबी सांग. ते एकदा सांगितलं की जन्मभर तेच खरं व्हतं."

तेव्हा मला त्याचा नीट अर्थ कळला नाही. मी त्यांच्यापुढे हात जोडले, म्हटलं, "काका, घरी सांगू नका. पप्पांना तोल बरोबर आहे म्हणून सांगा."

"खोटं माप मी सांगत न्हाई," काका म्हणाले आणि उठले. "चल, तुजी मेस दाव."

मेसवाल्या मावशी दुपारची भांडी आवरून नुकत्या टेकल्या होत्या. कोपऱ्यात बटाट्याचं पोतं उभं होतं, सकाळीच टेंपोवाला टाकून गेलेला. काकांनी नमस्कार केला आणि थेट पोत्याचा कान धरून ते जरा कलतं केलं.

"बाई, कितीचं घेतलं?"

"पन्नास किलो."

"सेहेचाळीस हाय."

मावशींना राग आला. कोण कुठला म्हातारा, आमच्या स्वयंपाकघरात येऊन! काकांनी वाद घातला नाही. काटा जमिनीवर मांडला, पिशवीतून आपलं लोखंडी माप काढून त्यावर ठेवलं, मावशींना तबकडी दाखवली, पाच. मग माप काढलं आणि मला म्हणाले, "धर एक बाजू." आम्ही दोघांनी पोतं काट्यावर चढवलं. काटा सेहेचाळीसच्या जरा पुढे जाऊन थांबला.

मावशी वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी कांद्याच्या पोत्याकडे बोट केलं. तेही तोललं. तेही कमी.

"किती वरीस घेताय ह्याच्याकडनं?" काकांनी विचारलं.

"सहा वर्षं," मावशी म्हणाल्या आणि मटकन पाटावर बसल्या.

"ही पोरगी आकड्यातच शिकतीया. आठवड्यातनं दोनदा तुमचा माल येतो, तवा हिला बोलवा. टेंपोवाल्याच्या म्होरं तोलून घेईल. तुमचं जेवढं वाचंल त्यात हिचं दोन टायमाचं ताट आरामात बसतंय. ह्यात उपकार कुणाचाच कुणावर न्हाई."

मावशींनी मला ओळखलं. डिसेंबरात मेस सोडून गेलेली, ती मीच. त्यांनी काही विचारलं नाही. उठून दुपारचं उरलेलं ताटात वाढलं आणि म्हणाल्या, "आजपासूनच ये."

मी जेवत असताना काका दारात उभे होते. पहिला घास घेतला तेव्हा मला ते मीठ आठवलं आणि आत जाऊन कमरेच्या तिन्ही पिशव्या सोडून मी मावशींच्या मिठाच्या डब्याशेजारी ठेवल्या. मावशी तिन्ही पिशव्यांकडे बघतच राहिल्या.

टेंपोवाल्याने पहिल्या दिवशी खूप आवाज केला. चौथ्या खेपेपासून पोती पुरी पन्नासची येऊ लागली.

पण घरचा प्रश्न राहिलाच होता. खोटं माप ते सांगणार नव्हते आणि खरं सांगितलं तर माझं शिक्षण थांबत होतं. फक्त आमचंच घर गाळलं तर गावाला कळायचं की याच घरात काहीतरी आहे. काकांनी काय केलं, ते मला आईच्या फोनवरून कळलं.

"अगं, ऐकलंस का?" आई हसत होती. "मापाडीकाका घरोघर सांगत फिरतायत, ह्या खेपंचं माप रद्द. एका पोत्यात खोट निघाली, आता सगळी थप्पी परत तोलायची, तवर कुणाचंच वजन सांगणार न्हाई. लोकं लई हसत्यात. म्हणत्यात, चाळीस वर्सांत पहिल्यांदा मापाडी चुकला."

यार्डाचा तो नियम खराच आहे. थप्पीतलं एक माप खोटं निघालं तर सगळी थप्पी पुन्हा तोलायची. काका एक अक्षर खोटं बोलले नव्हते. पण लोकांनी ऐकलं ते एवढंच, की मापाडी चुकला. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या कट्ट्यावर लोक त्यांना विचारू लागले, काय राव, काटा बिघडला का डोळे? त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मापाडी म्हणाला की वय झालं, आता थांबायला पाहिजे.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी काट्यावर चढले, पातळ कुर्त्यात. काकांनी तबकडी पाहिली.

"घट हाय," ते म्हणाले. "पर भरतीय."

मी हळूच म्हटलं, "काका, लोक तुम्हाला बोलतायत."

"बोलू दे. कांद्याचा भाव पडला तरी लोकं मापाड्यालाच बोलत्यात." आणि पुढच्या पोराला म्हणाले, "चढ रं."

त्या आठवड्यात ते आमच्या घरी गेले आणि खरं तेच सांगितलं. घट आहे, पण भरतेय, एका मेसमध्ये काम धरलंय, अभ्यास चाललाय, काळजी नको. पप्पांच्या हाताची सळई निघाली होती, ते हलकंसलकं काम करू लागले होते. मेसमधलं काम त्यांनी ऐकून घेतलं. मग काकांना एवढंच म्हणाले, "जेवून जावा." आमच्याच काय, कुणाच्याच घरी चहाही न घेणारे काका त्या दिवशी आमच्याकडे जेवले.

मी एम.एस्सी. झाले. आता जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवते. निकाल लागला त्या उन्हाळ्यात आमच्या विहारासमोर मांडव घालून माझा आणि आणखी तिघांचा सत्कार ठेवला होता. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. काका मागच्या रांगेत, खुर्ची असून जमिनीवर बसलेले. बायकांच्या बाजूला काकू.

मला चार शब्द बोलायला सांगितले. मी घरून आभाराचं भाषण लिहून आणलं होतं, ते घडी करून ठेवलं आणि मिठाची गोष्ट सांगितली. पप्पा समोर बसले होते, तरी सांगितली. कमरेच्या तीन पिशव्या, सेहेचाळीस किलोचं पोतं, रद्द झालेलं माप. म्हटलं, त्या महिन्यात मापाडी चुकला नव्हता. खोट माझ्यात होती, आणि ती झाकायला त्यांनी स्वतःचं नाव घालवलं.

माना मागे वळल्या. मग कुणीतरी काकांना उठवलं, दोघांनी दंडाला धरून माईकपाशी आणलं. त्यांना माईकवर बोलायची सवय नव्हती. यार्डात ते नुसत्या घशाने पुकारत.

काका तरुणपणी पुण्याला कॉलेजात गेले होते आणि अर्ध्यातून परत आले, हे गावातल्या जुन्या माणसांना माहीत होतं. इंग्रजी झेपलं नाही म्हणून आलो, असं ते स्वतःच हसत सांगत आणि लोकही त्यावरून त्यांची थट्टा करत. त्या दिवशी ते माईकपासून हातभर लांब उभे राहून म्हणाले,

"मी पुण्याला चार म्हैनं व्हतो. इंग्रजी मला येत व्हतं. मास्तर मलाच धडा वाचायला उभा करायचा." जरा थांबले. "खायाला नव्हतं. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून इंग्रजीवर ढकललं. आलो ते यार्डात कामाला लागलो. पहिल्याच दिशी हमालांनी गंमत म्हणून मला काट्यावर चढावला. एकोणचाळीस किलो."

काका आणखी काहीतरी बोलणार होते, त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द येईनात. माईकमधून नुसता श्वास ऐकू येत होता.

बायकांच्या बाजूने काकू उठल्या. भर मांडवातून चालत पुढे आल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्या पहिल्यांदा ऐकत होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी काकांचं मनगट धरलं.

"चला," त्या म्हणाल्या. "आदी जेवून घ्या."

पाहुण्यांची भाषणं अजून बाकी होती. सत्काराच्या शाली तशाच टेबलावर पडल्या होत्या. काकूंनी काकांना विहारामागे नेलं, जिथे चुली पेटल्या होत्या, स्वतः पत्रावळ मांडली, वाढप्याच्या हातून पळी घेतली आणि वाढायला लागल्या. मग माझे पप्पा उठले आणि जाऊन काकांच्या शेजारी बसले. त्यांच्यामागून एकेक जण उठू लागला, आणि त्या दिवशी आमच्याकडे भाषणं अर्धवट ठेवून पंगत बसली.